टेबल मोकळं सोडलं तेव्हा

"चौधरी, तू पुन्हा ढकललंस!"

"मी? मी तर हातसुद्धा लावला नाही."

"मग माझ्याकडचा आकडा पळाला कसा? भुतानं पळवला?"

"भूत असतं तर त्यालाही आधी टोपी, मास्क, हातमोजे घालावे लागले असते, घोलप. इथे कुणालाच तसं आत सोडत नाहीत."

टेबलाच्या पलीकडून मला त्याचे फक्त दोन डोळे दिसत होते, आणि ते हसत होते. मला त्या डोळ्यांचा भयंकर राग यायचा. अख्खं तोंड झाकलेलं असताना हा माणूस हसतोय हे आपल्याला कळावं, म्हणजे आत किती हसत असेल!

सतरा-अठरा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पुण्याबाहेर एका टेकडीच्या आडोशाला असलेल्या संशोधन संस्थेत मी प्रोजेक्टवर होते. मी मूळची संगमनेरची. समोरचा हेरंब चौधरी जळगावकडचा. एकमेकांना आडनावानं हाक मारायची आणि मिळेल त्या कारणावरून भांडायचं, एवढीच आमची ओळख.

आमच्या प्रयोगशाळेत एक टेबल होतं. जेवायचं टेबल नव्हे. दोन पलंग शेजारी लावावेत एवढा ॲल्युमिनियमचा जाडजूड तक्ता, पोलादी स्प्रिंगांवर टांगलेला. रस्त्यावरून ट्रक जावो नाहीतर वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढो, या टेबलावर ठेवलेल्या आरशाला त्याचा पत्ता लागता कामा नये, एवढंच त्याचं काम. टेबल किती हललं हे सांगायला कडेनं सहा सेन्सर. सेन्सर टेबलाला चिकटत नाही. तो बाहेरच्या चौकटीवर बसतो आणि टेबलावरच्या एका चकचकीत चकतीकडे नखाच्या जाडीएवढ्या फटीतून बघत राहतो. फट वाढली की आकडा एका बाजूला, कमी झाली की दुसऱ्या बाजूला, बरोबर मध्यावर असली की शून्य.

जुने सेन्सर काढून आम्ही नवे बसवले होते. परदेशी, महागडे, नजरेचे फार तीक्ष्ण. पण लांबचं त्यांना दिसत नव्हतं. फट जरा इकडची तिकडे झाली की आकडा टोकाला जाऊन बसायचा, आणि मग टेबल हलो की नाचो, त्याला काही कळायचं नाही. म्हणून सहाही सेन्सर शून्यावर आणायचे होते. त्याची रीतही ठरलेली होती. टेबलाला दोन्ही बाजूंनी खिट्ट्या होत्या. त्या आवळून टेबल बांधायचं, प्रत्येक सेन्सरचा स्क्रू फिरवून तो मागेपुढे सरकवत शून्य आणायचं आणि मग खिट्ट्या सोडायच्या. बांधलेलं असताना सहाच्या सहा शून्य. सोडलं की सहाच्या सहा पसार! आठवडाभर आमचं हेच चाललं होतं.

चौधरीला याचा काही त्रास व्हायचा नाही. "पुन्हा बांधू," म्हणायचा आणि गुणगुणत पाना उचलायचा. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता, कारण दसरा झाला की कमिटी येणार होती. टेबल नव्या सेन्सरांवर नीट तरंगलं तर प्रोजेक्ट पुढे चालू. नाहीतर गुंडाळायचा आणि ती खोली दुसऱ्या कुणाला द्यायची. प्रोजेक्ट गेला की माझी नेमणूक गेली, आणि नेमणूक गेली की माझी रवानगी संगमनेरला, पाहण्याच्या कार्यक्रमाला. नाशिकचे देवरे तयारच बसले होते. दोन पेट्रोल पंप, एकुलता एक मुलगा आणि 'आमच्याकडे मुलींना नोकरीची गरज पडत नाही' हे वर.

आईशी माझा करार फोनवर झाला होता.

"हे बघ रेवू, टेबल झालं तर राहा तिथे. मी एका शब्दानं बोलणार नाही. पण नाही झालं, तर मुकाट्यानं घरी यायचं आणि देवऱ्यांसमोर पोह्यांच्या बशा ठेवायच्या."

"होईल गं टेबल."

"गेल्या दिवाळीपासून हेच ऐकतेय. बरं, ठेवते. आणि जिना सावकाश उतर."

मी जिन्यात आहे हे तिला कसं कळायचं देव जाणे. पण तिचं कुठलंही बोलणं 'सावकाश'वरच संपायचं. सावकाश खा, सावकाश बोल, सावकाश चालव. तिचाही दोष नाही. मी जन्मजात घाईची. सायकल शिकायच्या आधी उतारावरून सोडली आणि पुढचा दात तिथेच ठेवून आले. वाफ जाऊ न देता कुकर उघडला आणि वरणानं छत रंगवलं. 'थांब' हा शब्द माझ्या कानात शिरतच नाही, असं आई अख्ख्या गल्लीला सांगायची.

पण ते टेबल मला सोडायचं नव्हतं. एवढं मोठं धूड खिट्ट्या सुटल्यावर हळूच हवेत तरंगायला लागतं, ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की दोनच काय, दहा पेट्रोल पंप दिले तरी माणूस तिथून हलायचा नाही. निदान मी तरी हलणार नव्हते.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. आमच्या प्रमुख इनामदार मॅडम सुती साडीत, हातात पूजेचं ताट घेऊन हजर. आमच्याकडची खंडेनवमी जरा वेगळीच. स्वच्छ खोलीत धुळीचा कण चालत नाही, तिथे झेंडू आणि हळदकुंकू कुठून चालणार? म्हणून पूजा बाहेरून. खोलीच्या काचेच्या खिडकीला झेंडूची माळ, चौकटीला हळदकुंकू, काचेतून टेबलाला नमस्कार, आणि नारळ बाहेरच्या व्हरांड्यात फोडायचा. मॅडमनी ताट खिडकीखालच्या डेस्कवर ठेवलं. आतल्याशी बोलायचा इंटरकॉमही त्याच डेस्कवर असायचा.

"आज टेबलाला यश दे रे देवा," मॅडम म्हणाल्या आणि डोळे मिटले.

"मॅडम, देवाला म्हणावं आधी चौधरीकडची बाजू बघ."

"नाचता येईना," चौधरी हात जोडलेलेच ठेवून पुटपुटला.

मी त्याला चांगलं सुनावणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अगं, देवासमोर तरी भांडू नका!"

वळून बघते तर आई! हातात पिशवी, पिशवीत पोळ्यांचा डबा, चेहऱ्यावर पहाटेच्या एस.टी.चा शीण.

"तू? इथे?"

"फोनवर 'होईल, होईल' म्हणतेस. म्हटलं आपणच जाऊन बघावं, काय होतंय ते."

"आई, आत्ता नाही! आज आम्हाला…"

"आज खंडेनवमी. हत्यारं पूजेला लावली की चालवायची नसतात."

"पान्याला सांगते तसं," मी म्हटलं आणि तिला मॅडमच्या हवाली करून कपडे बदलायला पळाले.

"सावकाश!" मागून आलंच.

पांढरा सूट, टोपी, मास्क, दुहेरी हातमोजे चढवून मी आत गेले. काचेवर झेंडूची माळ होती, तिच्याआड आईचा अर्धा चेहरा आणि मॅडमचा चष्मा. दोघींच्या हातांत चहाचे कप. आत आवाज येत नव्हता, तेवढंच सुख.

टेबल बांधलं. शून्य आणलं. सोडलं. सहाही आकडे पसार!

माझा तोल गेला. "चौधरी, खरं सांग, खिट्टी आवळताना तू काय करतोस?"

"तू करतेस तेच. फक्त तुझ्यानंतर."

"म्हणजे?"

"म्हणजे मी पाना उचलेपर्यंत तुझी बाजू आवळून झालेली असते. तुला दम कुठे असतो? उतावळा नवरा…"

"नवरा कोण? म्हण तरी नीट वापर!"

"बरं, नवरी. पण गुडघ्याला बाशिंग आहेच."

मी पाना खाली ठेवला. काहीतरी डोक्यात आलं होतं.

"चौधरी, काल शेवटच्या खेपेला आधी कुणी आवळलं होतं?"

"मी. तू शिंकायला बाहेर गेली होतीस."

"आणि काल आकडे कुठे पळाले?"

त्यानं संगणकाच्या पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचे डोळे हसायचे थांबले. "आजच्या बरोबर उलट्या बाजूला."

आम्ही करून बघितलं. आधी मी आवळलं की टेबल जरासं त्याच्याकडे सरकायचं, आधी त्यानं आवळलं की माझ्याकडे. सरकणं इतकं थोडं, की जुन्या सेन्सरांना त्याचं काही वाटलं नसतं. त्यांचा पल्लाच मोठा होता. नव्यांच्या तीक्ष्ण नजरेला मात्र तेवढ्यानं सगळं दिसेनासं व्हायचं. शून्य आम्ही बरोबरच आणत होतो, पण ढकललेल्या टेबलाचं. सोडल्यावर बिचारं आपल्या जागी परत जाणारच.

"म्हणजे आठवडाभर आपणच ढकलतोय," चौधरी म्हणाला. "तू माझ्याकडे आणि मी तुझ्याकडे."

"म्हणजे बांधायचंच नाही," मी म्हटलं. "मोकळं सोडायचं. ते बसेल तिथे बसू दे. सेन्सर आपण त्याच्याकडे न्यायचे."

दोघांचीही नजर एकदमच भिंतीकडे गेली. भिंतीवर मॅडमच्या अक्षरात मोठी पाटी होती. 'टेबल बांधल्याशिवाय हात लावू नये.' तरंगत्या टेबलाला चुकून धक्का लागला की ते झुलतं आणि चकती सेन्सरच्या तोंडावर जाऊन आदळते.

मी काचेपाशी गेले, आतलं बटण दाबलं आणि मॅडमना सगळं सांगितलं.

मॅडमनी काचेतून पाटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ती पाटी कशी लागली माहीत आहे? माझंच कोपर लागलं होतं, तेव्हा लागली. जुना सेन्सर होता, दुरुस्त झाला. हा घासला तर दुसरा नाही. मागवायचा म्हणजे तीन महिने."

"पण बांधून हे कधीच होणार नाही, मॅडम."

"तेही खरंच." त्यांनी टेबलाकडे बघितलं. "स्क्रू कोण फिरवणार?"

"चौधरी," मी लगेच म्हटलं. त्या एका स्क्रूवर माझं सगळं लटकलं होतं, आणि माझा हात कसा आहे ते मला चांगलं माहीत होतं.

"घोलप," मागून चौधरी म्हणाला.

"वेड लागलंय का तुला? तुझा हात स्थिर आहे."

"स्थिर आहे, पण मुका आहे. स्क्रू किती फिरला हे माझ्या बोटांना कळत नाही, पडद्यावर बघावं लागतं. तुला कळतं. आठवडाभर बघतोय मी. तू फिरव, मी आकडे वाचतो."

आठवडाभर बघतोय? काय बघत होता हा? मॅडमनी मान डोलावली.

"सावकाश करा," त्या म्हणाल्या. आईच्या शेजारी बसून यांनाही तीच लागण झाली होती.

मी बटण सोडलं आणि आम्ही खिट्ट्या मागे घेतल्या. टेबल हलकेच सुटलं आणि तरंगायला लागलं. मी पहिल्या सेन्सरपाशी गुडघ्यावर बसले, कोपरं अंगाशी आवळून घेतली आणि स्क्रू जरासा फिरवला.

"थोडा आला. आता थांब, टेबल शांत होऊ दे."

हे थांबणंच माझ्या जिवावर यायचं. जरा फिरवा आणि टेबल निवांत होईपर्यंत पुतळा होऊन बसा. पहिल्याच खेपेला माझी बोटं वळवळायला लागली. चौधरीच्या ते लक्षात आलं असावं, कारण तो एकदम भलत्याच विषयावर गेला.

"घोलप, भरताची वांगी भाजायला किती वेळ लागतो?"

"मला काय माहीत? गॅसवर ठेवायची."

"गॅसवर? अरे देवा! आमच्याकडे शेतात कापसाच्या काड्या पेटवतात, त्यावर. आणि भाजणाऱ्यानं मध्ये मध्ये वांगं टोचून बघायचं नाही. बघितलं की वाफ गेली, चव गेली. नुसतं बसून राहायचं… हां, आता फिरव. थोडंच. बास."

असं करत पहिला शून्यावर आला. मग दुसरा. तिसऱ्यापर्यंत भरीत भाजून, ठेचून झालं. चौथ्याला त्यात हिरवी मिरची आणि कांद्याची पात पडली. पाचव्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आली आणि मला सडकून भूक लागली. पण बोटं शहाण्यासारखी वागत होती. मलाच नवल वाटलं.

राहिला सहावा. टेबलाच्या पार कोपऱ्यात, हात लांब करून पोचावं लागणारा. एकच राहिला! माझ्या अंगात वारं शिरलं. मी स्क्रू धरला, फिरवला, आकडा येतोय असं बोटांना कळत होतं, म्हणून अजून जरा पुढे वाकले.

"घोलप, बस."

येतोय ना, येऊ दे की. मी अजून वाकले.

"रेवती, थांब."

मी थांबले.

आवाज मोठा नव्हता. त्यानं माझं नाव कधी घेतलं नव्हतं. माझं अख्खं अंग होतं तिथे गोठलं. मग मी नुसती नजर खाली केली. माझं कोपर टेबलाच्या कडेपासून बोटभरही लांब नव्हतं.

"आता हात मागे घे. घाई नाही. हं. श्वास सोड."

मी हात मागे घेतला, श्वास सोडला आणि भिंतीला टेकून बसले.

"तू… तू आकडे बघत होतास ना?"

"पाच जमले होते. सहाव्याला तू घाई करणार हे ठाऊकच होतं. मग आकडे कोण बघतो!" असं म्हणून तो पडद्याकडे वळला आणि बघतच राहिला.

"काय झालं? बोल ना!"

"ये, तूच बघ."

टेबल आपल्या जागी निवांत बसत होतं आणि सहावा आकडा हळूहळू उतरत शून्यावर येऊन थांबला. वरच्या पाच ओळींतही शून्य. टेबल मोकळंच होतं. कुणी धरलेलं नव्हतं, कुणी ढकललेलं नव्हतं. मला रडूच आलं. मास्क आतून पार ओला झाला.

"अगं, हे काय?" चौधरी घाबरून म्हणाला.

"गप रे. भुकेनं रडतेय."

बाहेर येऊन टोपी-मास्क काढला, तर मॅडम डोळे पुसत होत्या. आई पोळ्यांचा डबा उघडून उभी होती. माझ्याकडे न बघता तिनं पहिली पोळी चौधरीच्या हातावर ठेवली.

"जळगावचे ना तुम्ही?"

"हो काकू. म्हणजे यावलजवळचे."

"भरीत खरंच करता येतं, की नुसतं सांगता येतं?"

चौधरीचा घास तोंडातच राहिला. मी आईकडे बघितलं, आईनं डेस्ककडे. पूजेच्या ताटाची कड इंटरकॉमच्या, आतलं ऐकायच्या बटणावर टेकली होती. खोलीतला शब्द न् शब्द बाहेर येत होता. सकाळपासून!

"मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

"ताट हलवणार होते गं मी," मॅडम म्हणाल्या. "पण तुझ्या आईंना करमत होतं."

चौधरी कानापर्यंत लाल झाला. आठवडाभरात त्याचा पूर्ण चेहरा मी एवढा नीट पहिल्यांदाच बघत होते. वाईट नव्हता.

संध्याकाळी मी आईला एस.टी.पर्यंत सोडायला निघाले. जिन्यात मधल्या कठड्यापाशी ती थांबली आणि पर्समधून फोन काढला.

"कुणाला करतेस?"

"देवऱ्यांना. नाही म्हणून कळवते."

मी तिच्या गळ्यातच पडले. "बघ, म्हटलं होतं ना टेबल होईल! करार म्हणजे करार."

"टेबलाचं मला काय कळतंय?" आई म्हणाली. "तिथे सगळे शून्य आले आणि तुम्ही नाचताय. शून्य आले म्हणून तुला शाळेत असताना मी मारलंय."

"मग?"

"सत्तावीस वर्षं मी तुला 'थांब' म्हणतेय. घसा फुटला माझा. एकदा, अगदी एकदासुद्धा थांबली नाहीस. आज त्यानं म्हटलं आणि तू थांबलीस." तिचा आवाज जरासा कापला. "काचेतून बघत होते मी. माझा मुलगा बघून झाला."

"आई! अगं काय बोलतेस? त्यानं मला काही विचारलेलं नाही. मी त्याला काही म्हटलेलं नाही. आम्ही नुसते भांडतो! आणि बाबा? त्यांना आपल्यातलाच पाहिजे."

"बाबांचं मी बघते."

"पण त्याच्या मनात नसेल तर?"

"आकडे सोडून तुझ्या कोपराकडे बघत बसला होता तो. त्याच्या मनाचं मला विचारतेस?" आईनं फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं मला वरच्या दिशेला ढकललं. "जा, वरच असेल अजून. एस.टी.ची वाट मला माहीत आहे. आणि रेवू…"

"हो, माहितीये. सावकाश."

"नाही," आई म्हणाली. "एवढ्या बाबतीत घाई कर."

मी दोन-दोन पायऱ्या घेत वर पळाले.